स्वरांचे वकीलपत्र

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिलीचा झगा उतरवला आणि हिंदुस्थानी संगीत कागदावर उतरवले. अनेकांना मिळून गाता-वाजवता यावे यासाठी संगीताचे दृश्य रूप कसे असावे, हा आज संगणकाच्या पडद्यापुढे उभा असलेला प्रश्न त्यांनी शतकभरापूर्वी छापील पानावर सोडवून पाहिला होता.

आषाढाच्या पहिल्या दिवशी रामटेकच्या गडावर ढग उतरोत वा न उतरोत, कालिदासाचे स्मरण ठरलेले असते. मेघदूतातला रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आणि विदर्भाने ते मनापासून स्वीकारले. १९९७ मध्ये येथे कविकुलगुरूंच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही उभे राहिले. या काव्याच्या उत्तरार्धात यक्ष मेघाला आपल्या पत्नीची अवस्था वर्णन करून सांगतो. मांडीवर वीणा घेऊन ती पतीच्या नावाचे गीत गाऊ पाहते. आसवांनी भिजलेल्या तारा कशाबशा पुसते, पण स्वतःच बांधलेली मूर्च्छना तिला पुन्हा पुन्हा विसरायला होते.

रसिकांना हे विरहाचे चित्र वाटते आणि ते तसे आहेच. संगीताच्या इतिहासाकडे पाहणाऱ्याला मात्र त्यात आणखी एक व्यथा दिसते. यक्षपत्नी जे विसरली ते परत मिळवण्याची कोणतीही सोय नव्हती. मूर्च्छना हा शब्द आपल्यापर्यंत पोहोचला, तिची शास्त्रीय व्याख्याही ग्रंथांतून पोहोचली; तिचा नाद मात्र पोहोचला नाही. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीत शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात स्वराक्षरे नोंदवली. पण त्या अक्षरांमागचे स्वरस्थान कोणते, याबद्दल पुढच्या पिढ्यांत एकमत राहिले नाही. गळ्याबरोबर गाणे जाते, हा या देशातल्या संगीताचा जुना शाप होय. त्यावर उतारा शोधण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत भातखंडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घर गवयाचे नव्हते. मुलाने शिकावे, नोकरी किंवा वकिली करावी, अशीच त्या काळच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबाची अपेक्षा असे. विष्णूने ती पुरी केली. १८८५ मध्ये ते पदवीधर झाले आणि १८८७ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. मात्र महाविद्यालयीन दिवसांतच वल्लभदास दामुलजी यांच्याकडे त्यांनी सतारीचे धडे सुरू केले होते. १८८४ च्या सुमारास ते मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. तेथे त्यांना रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे मिळाली, तर अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल मिळाले. दिवसा कज्जेदलाली आणि संध्याकाळी संगीत, असा क्रम बराच काळ चालला. काही दिवस त्यांनी कराचीतही वकिली केली.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांच्या संसारावर एकामागून एक आघात झाले. १९०० मध्ये पत्नी गेली आणि १९०३ मध्ये एकुलती मुलगीही गेली. दुसऱ्या कोणी अशा वेळी वैराग्य घेतले असते. भातखंडे यांनी प्रवासाची वळकटी बांधली. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले आणि मद्रास, तंजावर, मदुरा येथील विद्वानांना भेटले. पुढे १९०७ च्या पूर्वेकडील प्रवासात त्यांनी नागपूर, कलकत्ता अशी गावे गाठली आणि त्यानंतर उत्तर हिंदुस्थान व राजपुतान्यातील संस्थाने धुंडाळली. निघण्यापूर्वी विचारायच्या प्रश्नांची यादी तयार असे. रोज रात्री दैनंदिनी लिहिली जाई. कोणाशी काय बोलणे झाले, कोणते हस्तलिखित पाहायला मिळाले, कोणी उत्तर टाळले, हे सारे त्यात येई. साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा वकील येथे संगीताची साक्ष काढत होता.

या साक्षींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. ग्रंथ एक सांगतात आणि गवई दुसरेच गातात. ग्राम-मूर्च्छनांची प्राचीन व्यवस्था आजच्या गायनाला लागू पडत नाही, हे मान्य करण्याचे धाडस भातखंडे यांनी दाखवले. जे आज गायले जाते तेच लक्ष्य मानायचे आणि त्याचे शास्त्र नव्याने लिहायचे, ही त्यांची भूमिका ठरली. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या टोपणनावाने लिहिला. त्यावरचे विस्तृत विवेचन ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या नावाने चार भागांत मराठीत आले. ते गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. दक्षिणेतील व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांचा अभ्यास करून त्यांनी उत्तरेतील राग बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी अशा दहा थाटांत बसवले.

शास्त्र लिहिले तरी गाणे उरतेच. एकेका घराण्याच्या चिजा म्हणजे त्या घराची ठेव. ती मुलाला द्यावी, जावयाला द्यावी, फार तर निष्ठावंत शिष्याला द्यावी. परक्याच्या हाती पडू देऊ नये, अशी रीत होती. यात कंजूषपणापेक्षा पोटापाण्याची चिंता अधिक होती, हे विसरता कामा नये. दरबाराचा आश्रय आटत चाललेल्या कलावंताजवळ विकण्याजोगे दुसरे काय होते? पण याचा परिणाम असा की ग्वाल्हेरचा गवई आणि रामपूरचा बीनकार एकाच रागाबद्दल बोलू लागले, तर दोघांपुढे मांडता येईल असे समान काहीच नसे. वाद होत, ते कोणी मोठ्या आवाजात गायल्यावर थांबत.

भातखंडे यांच्या आधीही स्वरलेखनाचे प्रयत्न झाले होते. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी आणि पुढे ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांच्या पद्धती होत्या. बडोद्यात मौलाबक्ष यांनी आपली लिपी शिकवायला आणली होती. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि काटेकोर स्वरलिपी प्रचारात आणली. तीत प्रत्येक स्वराच्या खाली त्याच्या कालावधीची खूण असते. या सर्वांहून भातखंडे यांची लिपी वेगळी ठरली ती तिच्या साधेपणामुळे.

शुद्ध स्वराला खूणच नाही. कोमल स्वराच्या खाली एक आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर एक उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. एका मात्रेत दोन-चार स्वर आले तर त्यांना खालून अर्धचंद्राने बांधायचे. स्वर लांबला तर पुढे लहान आडवी रेघ, शब्दातले अक्षर लांबले तर अवग्रह. मींडेसाठी दोन स्वरांवरून कमान, कणासाठी डोक्यावर बारीक अक्षर. कंसात टाकलेला स्वर आजूबाजूच्या स्वरांना झटकन स्पर्श करून म्हणायचा. देवनागरी अक्षरे ज्याला येतात त्याला ही सारी चिन्हे एका बैठकीत समजतात.

खरी करामत मात्र चिन्हांपेक्षा पानाच्या मांडणीत आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या चार घरांत आडव्या मांडलेल्या असतात. वरच्या ओळीत स्वर, त्याखाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा: समेला फुली, कालाला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. उभ्या दिशेने पाहिले की कोणत्या मात्रेवर कोणता स्वर आणि कोणते अक्षर पडते ते कळते; आडव्या दिशेने पाहिले की आवर्तन डोळ्यांपुढे उलगडते. गायक वरची ओळ धरतो, तबलजी खालची धरतो आणि पेटीवाला दोन्हींवर नजर ठेवतो. तिघांची घराणी वेगळी, गुरू वेगळे. पण आपण आता कुठे आहोत याविषयी तिघांचे एकमत असते. एकत्र संगीत करणाऱ्यांची ही पहिली गरज आहे आणि ते पान ती भागवते.

याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे त्या पानावर काय नाही. १९०४ च्या दक्षिण यात्रेत एट्टयपुरम येथे भातखंडे सुब्बराम दीक्षितर यांना भेटले होते. दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्यात गमकांच्या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र चिन्ह होते. भातखंडे यांनी तो मार्ग धरला नाही. आंदोलन किती हलायचे, कोमल गंधार कोणत्या रागात किती उतरवायचा, हे त्यांनी लिपीत आणले नाही. तेवढे गुरूच्या तोंडून ऐकावे आणि गळ्यावर चढवावे; कागदाने सांगाडा जपावा, रक्तमांस कानाने भरावे, असा तो हिशेब होता.

हा हिशेब सर्वांना पटणारा नव्हता. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिच्या उभारणीत भातखंडे यांचा मोठा वाटा होता. तेथे श्रुतींचा प्रश्न ऐरणीवर आला. सांगलीचे कृ. बा. देवल आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी सप्तकातील बावीस श्रुती वाजवणारी पेटी सिद्ध केली होती. यंत्राने सूक्ष्म स्वर पक्के करून टाकावेत, असा त्यांचा आग्रह. परिषदेत त्यावर बरीच चर्चा झाली, पण ती पेटी सर्वमान्य झाली नाही. भातखंडे यांचा कल बारा स्वरांच्या व्यवहार्य चौकटीकडे होता. सर्वांना वापरता येईल एवढेच निश्चित करावे आणि बाकी मोकळे सोडावे, हे सूत्र त्यांनी येथेही सोडले नाही. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनऊ येथेही परिषदा झाल्या.

कागद खरा उपयोगी ठरला तो ग्वाल्हेरला. माधवराव शिंदे यांनी आपल्या संस्थानात संगीताची शाळा काढायचे ठरवले, तेव्हा तेथील काही गवई स्वरलिपी शिकण्यासाठी मुंबईला भातखंडे यांच्याकडे आले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. खानदानी तालमीत वाढलेल्या गवयाने एका वकिलाकडून आपलेच गाणे लिहायला शिकावे, हे दृश्य त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. तिकडच्या चिजा लिहून येऊ लागल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांच्या संग्रहात जाऊन बसल्या. सुमारे अठराशे बंदिशी या मालिकेने वाचवल्या. हे एकट्याचे काम नव्हते. शेकडो कंठांनी मिळून घडवलेले ते पुस्तक आहे आणि भातखंडे हे त्याचे लेखनिक, संपादक आणि विश्वस्त होते.

१९२६ मध्ये राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली आदींच्या साहाय्याने लखनऊला मॅरिस कॉलेज उघडले. आज त्या संस्थेला भातखंडे यांचेच नाव आहे. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ती नावारूपाला आणली. रातंजनकरांनी पुढे खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपदही सांभाळले. १९५६ मध्ये स्थापन झालेले हे विश्वविद्यालय आता छत्तीसगडमध्ये असले, तरी नागपूर-हावडा मार्गावरच्या राजनांदगाव, डोंगरगडपासून ते जवळच आहे. भातखंडे यांचे पान असे विदर्भाच्या दाराशी येऊन पोहोचले.

भातखंडे यांच्यावरची टीका नजरेआड करून चालणार नाही. दहा थाटांत सारे राग नीट बसत नाहीत, हे उघड आहे. एकाच बंदिशीची चार घराण्यांत चार रूपे असताना त्यांतले एक छापले गेले, की बाकीची चुकीची ठरू लागतात. पलुसकरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी त्यांच्या सिद्धान्तांना विरोध केला. ज्या उस्तादांकडून विद्या घेतली त्यांच्या निरक्षरतेबद्दल भातखंडे यांनी केलेली शेरेबाजी आज खटकते आणि अलीकडच्या अभ्यासकांनी तीवर बोट ठेवले आहे. पुस्तक वाचून गाणारा विद्यार्थी सांगाड्यालाच देह समजू लागला, हाही आरोप खोटा नाही. पण तो दोष पानाचा किती आणि पानावरच थांबणाऱ्यांचा किती, हे ठरवायला हवे.

नेमका हाच प्रश्न आज नव्या रूपात पुढे आला आहे. संगणकावर अनेकांनी मिळून संगीत करण्याचे प्रयोग पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये द हब या नावाचा चमू तयार झाला आणि त्याचे संगणक वाजता वाजता एकमेकांना संदेश पाठवू लागले. बार्सिलोनाच्या विद्यापीठात रिअ‍ॅक्टेबल नावाचे गोल, प्रकाशमान टेबल घडले. त्यावर ठोकळे ठेवायचे, फिरवायचे. चार जण भोवती उभे राहिले तर कोणाच्या ठोकळ्यातून कोणता नाद निघतो आणि तो कुठे वाहतो, हे टेबलावरच सर्वांना दिसते. प्रिन्स्टनमध्ये २००५ साली मांडीवरच्या संगणकांचा वाद्यवृंदच उभा राहिला. या सर्वांपुढची अडचण एकच होती. पडद्यावर सगळेच दाखवले तर वादक ऐकण्याऐवजी बघत बसतो, आणि काहीच दाखवले नाही तर हा आवाज कोणाचा ते कोणालाच कळत नाही.

दूरदूरच्या गावांतून इंटरनेटवर एकत्र वाजवायचे म्हटले की आणखी एक अडथळा येतो. आवाज पोहोचायला साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला, की लय ओढली जाऊ लागते. २००५ मध्ये आलेल्या निन्जॅम या प्रणालीने त्यावर एक गमतीदार तोड काढली. उशीर टाळता येत नाही ना, मग तो वाढवून पुरते एक आवर्तन करायचा. प्रत्येकाला इतरांचे मागचे आवर्तन ऐकू येते आणि त्यावर तो आपले वाजवतो. सम मात्र सर्वांची जुळलेली राहते. आवर्तनाला एकक मानण्याची ही युक्ती त्रितालाच्या चौकटी वाचणाऱ्याला परकी वाटणार नाही. दुसरीकडे, मुंबईच्या एनसीपीएमध्ये गायकाच्या स्वराचा आलेख काढून तो गाण्याबरोबर पडद्यावर सरकता दाखवण्याचे काम झाले आहे. भातखंडे यांच्या एका कमानीत मावलेली मींड तेथे पूर्ण वळणानिशी दिसते. अभ्यासाला हे वरदानच. पण चार जणांनी बसून गायचे असेल तर तो बारीक आलेख उपयोगी पडेल की ती साधी कमान, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

भातखंडे यांनी संगणक पाहिला नाही, पण मांडणीकाराचा पहिला धडा त्यांना उमगला होता. सर्वांना समान दिसायला हवे ते थोडे आणि ठळक असावे. ज्यात प्रत्येकाचे मी-पण आहे ते मोकळे सोडावे. त्यांच्या लिपीवरचे बहुतेक आक्षेप तिने काय सोडले याबद्दलचे आहेत. ती टिकली त्याचे कारणही तेच आहे.

१९३३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढची तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून राहिले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, त्यांची प्राणज्योत मालवली. क्रमिक पुस्तकांचा शेवटचा भाग त्यांच्या पश्चात छापून आला. संपत्ती, संसार, वारस असे मागे काही उरले नव्हते. उरली ती सोळा घरांची एक चौकट. आजही कुठल्याशा गावातली एखादी विद्यार्थिनी ती उघडते, बोटाने मात्रा मोजते आणि शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणाच्या गळ्यातून निघालेली चीज गुणगुणू लागते. ती बरोबर गाते की नाही, हे तिच्या गुरूने ठरवायचे आहे. तिला ती गाता यावी एवढी तजवीज या वकिलाने करून ठेवली आहे.